पावतीपुस्तक आणि शिट्टी



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी या सभागृहातल्या प्रत्येकाकडे माझ्याहून जास्त सांगण्यासारखं आहे. त्यामुळे त्यांच्या गौरवात तुमचा वेळ न घेता मी विषयाकडे वळतो. निमंत्रणपत्रिका वाचून एकाने मला विचारलंच, "पोलीस आन् मतिमंद पोरायचे खेळ? यायचा काय संबंध, भाऊ?" संबंध आहे. वऱ्हाडात तर तो चांगला जुना आहे. आपण त्याच्याकडे मैदानावरून कधी पाहिलं नाही, एवढंच.

आधी थोडं लांबून येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. १९८१ साली तिथले पोलीसप्रमुख होते रिचर्ड लामुनियन. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या राज्यस्तरीय स्पर्धेला पैसाही हवा होता आणि लोकांचं लक्षही. लामुनियन यांनी काढलेला मार्ग साधा होता. त्यांच्या पोलिसांनी मशाल हातात घेऊन रस्त्याने धावायचं. १९८३ मध्ये ही कल्पना पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे गेली आणि संघटनेने ती आपली मानली. पुढे ही मशाल दौड देशोदेशी पसरली. दौडीबरोबर पैसा जमवण्याच्या नाना तऱ्हा आल्या. तिथले पोलीस एखाद्या संध्याकाळी हॉटेलात वाढप्याचं काम करतात आणि मिळालेली टिप निधीत टाकतात. दोर लावून उभं विमान ओढण्याच्या शर्यती लावतात. ऐन हिवाळ्यात बर्फासारख्या पाण्यात उड्या मारतात आणि त्यासाठी देणग्या घेतात. आपल्याकडे एखाद्या साहेबाने डिसेंबरात चिखलदऱ्याच्या तलावात उडी मारली, तर देणगीचं राहू द्या, लोक आधी बदलीची ऑर्डर आली का ते विचारतील.

ज्या स्पर्धांसाठी हे चालतं त्यांचं नाव स्पेशल ऑलिम्पिक. यूनिस केनेडी श्रायव्हर यांनी २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर त्या सुरू केल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या या बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ साली वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवून घेतली आणि ती होती त्याहून कितीतरी परावलंबी झाली. उरलेलं सगळं आयुष्य तिने संस्थेत काढलं. एवढ्या श्रीमंत घरात ही गत, तर बाकीच्यांचं काय असेल! भारतात हे काम १९८७ मध्ये सुरू झालं. २००१ पासून ते स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या नावाने चालतं.

पुष्कळांची पॅरालिम्पिकशी गल्लत होते. पॅरालिम्पिक हे प्रामुख्याने शारीरिक आणि दृष्टीच्या अपंगत्वाचं मैदान. बौद्धिक अक्षमतेचे गट तिथेही होते, पण २००० साली सिडनीत स्पेनचा बास्केटबॉल संघ सुवर्णपदक घेऊन गेला आणि मागाहून कळलं की, बारापैकी दहा खेळाडूंना कसलीच बौद्धिक अक्षमता नव्हती. धडधाकटांनी केलेल्या लबाडीची शिक्षा मात्र खऱ्या खेळाडूंना झाली. त्यांचे गटच काढून टाकले गेले, ते थेट २०१२ च्या लंडनला परत आले.

स्पेशल ऑलिम्पिकची रचना निराळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तुम्ही पहाटे मैदानावर भरतीची पोरं धावताना पाहता. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. सेकंदावर गुण, आणि एका सेकंदात पोराच्या घराचं नशीब फिरतं. स्पेशल ऑलिम्पिकमध्येही आधी सगळ्यांना धाववून वेळ घेतात, पण ती वेळ कुणाला गाळण्यासाठी नसते. साधारण सारख्या वेळेची मुलं एका गटात यावीत म्हणून ती असते. गटातल्या पहिल्या-शेवटच्यात सुमारे पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर नसावं, असा तिथला ठोकताळा. त्यामुळे ज्याला शंभर मीटरला अर्धा मिनिट लागतं, तो आपल्यासारख्याच चार जणांशी खरीखुरी, छातीत धडधड होईल अशी शर्यत धावतो. कुणी चाचणीत मुद्दाम सावकाश धावून अंतिम फेरीत सुसाट सुटला, तर त्याला बादही करतात. थोडक्यात, इथे दया नाही. खेळ आहे आणि खेळाची शिस्त आहे. पोलिसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, हे मला त्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं भांडवल वाटतं.

आता प्रश्न असा की, विचिटाची ही रीत अमरावती-अकोल्यात जशीच्या तशी आणावी का? माझं उत्तर स्पष्ट आहे. दौड आणावी. पैसा गोळा करण्याचा भाग आणू नये.

कारण सांगतो. अकोल्याच्या कापड बाजारात एखादा जमादार पावतीपुस्तक घेऊन दुकानात शिरला, तर शेठजी पावती फाडतील. नक्की फाडतील. पण ती फाडताना त्यांच्या मनात मुलांची शर्यत नसेल. दुकानापुढची गाडी, गणपतीतला स्पीकर, मागे पडलेली एखादी तक्रार, असलं काहीतरी असेल. पोलिसाने मागितलेल्या देणगीला नाही म्हणण्याची मोकळीक जिथे नसते, तिथे ती देणगी उरत नाही. शासनालाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय कसलाही निधी गोळा करता येत नाही. हा नियम कागदावरचा अडथळा म्हणून पाहू नका. तो शहाणपणाचा आहे. आणि ज्या मुलाला आपल्या नावाने कोण काय मागतंय हे पुरतं कळतही नाही, त्याच्या बाबतीत तर दुप्पट शहाणपणाचा.

गाडगेबाबांचा हा मुलूख. मागावं कसं आणि हिशेब कसा ठेवावा, हे या मातीला नव्याने शिकवायला नको. योगायोग पाहा, बाबांचं शेवटचं कीर्तन झालं ते नोव्हेंबर १९५६ मध्ये, मुंबईत वांद्र्याच्या पोलिसांपुढे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

त्याच बाबांच्या नामघोषावरून 'देवकीनंदन गोपाला' नावाचं मासिक अमरावतीत निघायचं. त्याचे संपादक शंकरबाबा पापळकर. पुढे मासिक मागे पडलं आणि शंकरबाबा परतवाड्याजवळ वझ्झरला, सातपुड्याच्या पायथ्याशी, बेवारस मतिमंद आणि मूकबधिर मुलांचे बाप होऊन बसले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने १२३ मुलांच्या बापाची गोष्ट वाचली. पण ती मुलं वझ्झरपर्यंत आली कशी, हे कितीजणांनी विचारलं?

त्यातली किती तरी पोलिसांच्या हाताने आली. मुंबई, पुणे, नागपूर, कुठल्या तरी स्थानकावर, देवळाच्या पायरीवर, कचऱ्याच्या ढिगात पोर सापडतं. फोन पोलिसांना जातो. पंचनामा होतो, स्टेशन डायरीत नोंद होते, डॉक्टरकडून वयाचा अंदाज घेतला जातो, चोवीस तासांच्या आत पोर बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. त्या कागदावर रकाने असतात: नाव, बापाचं नाव, गाव, धर्म, जात. पोर बोलत नाही. रकाने कोरे राहतात. समितीचा आदेश होतो आणि एक शिपाई, बहुधा एक महिला शिपाई, त्या मुलाला घेऊन एसटीने किंवा रेल्वेने आठ-दहा तासांचा प्रवास करते. मुलाला कपडे ओले करायची सवय असते, तो ओरडतो, डब्यातली माणसं बघत राहतात. संस्थेत पोहोचल्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. वझ्झरला पुढे त्या कोऱ्या रकान्यात बापाचं नाव पडतं: शंकरबाबा पापळकर. जळगाव स्थानकावर सापडलेली त्यांची एक अंध मुलगी २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. नागपूर स्थानकावर सापडलेल्या एका मूकबधिर मुलीचं लग्न २० डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीलाच, नागपुरात लागलं. कन्यादान केलं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी. गृहमंत्री म्हणजे पोलीस खात्याचे मंत्री. त्यांचा फोटो छापून आला आणि येऊ द्या, त्यात वाईट काही नाही. अशी मुलं उचलून आणणारे हवालदार फोटोत येत नसतात, ही रीतच आहे.

म्हणजे बघा, अशा मुलाच्या आयुष्यातला पहिला सरकारी माणूस पोलीस असतो. त्यानंतर त्यांची गाठ पुन्हा केव्हा पडते? बहिरमच्या यात्रेत मूल चुकलं की. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीच्या गर्दीत अकोल्यात कुणी भांबावून रस्त्यात बसलं की. 'मुलं पळवणारी टोळी आली' ही अफवा उठली आणि गावाने एखाद्या भटक्या, नीट बोलता न येणाऱ्या माणसाला धरलं की. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच्यावर किंवा तिच्यावर अत्याचार झाला की. कायद्याने या शेवटच्या वेळेसाठी तरतूद केली आहे. पीडित व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम असेल, तर लैंगिक गुन्ह्याची माहिती तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी जाऊन, विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरण करून घ्यायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. पण ज्या अधिकाऱ्याने असं मूल पूर्वी कधी हसताना, चिडताना, तोच प्रश्न दहा वेळा विचारताना पाहिलेलंच नाही, तो त्या दिवशी समोर बसून काय करणार? त्याला मुलाचं गप्प बसणं म्हणजे खोटेपणा वाटेल आणि प्रत्येक प्रश्नाला 'हो' येणं म्हणजे कबुली वाटेल.

एवढ्यासाठी मैदान हवं. ओळख आधी व्हावी, गुन्हा घडण्याआधी.

वझ्झरच्या संस्थेला नाव आहे अंबादासपंत वैद्यांचं. हे नाव अमरावतीत सांगावं लागत नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. या मंडळाचा चमू १९३६ मध्ये ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेला आणि तिथे कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ त्याने जगाला दाखवले. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्याच वर्षी त्याच शहरात आणखी काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१९३३ च्या जुलैमध्ये हिटलरच्या सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. त्यातल्या आजारांच्या यादीत पहिलंच नाव जन्मजात मतिमंदत्वाचं. कुणी नसबंदीला तयार नसेल, तर सरकारी डॉक्टरने पोलिसांना कळवायचं आणि गरज पडली तर बळाचा वापर करायचा, असं त्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. नाझी राजवटीत सुमारे चार लाख माणसांची अशी नसबंदी झाली. आपली मंडळी बर्लिनच्या मैदानावर मल्लखांबाच्या कसरती करत होती, तेव्हा हा कायदा जोरात चालू होता. त्यांना त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पुढे युद्ध पेटलं आणि नसबंदीवरही भागेना. बर्लिनच्या टियरगार्टन रस्त्यावरच्या चार नंबरच्या घरातून कारभार चालला आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक मतिमंद, मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूने मारली गेली. ही मोजदाद फक्त त्या टप्प्याची.

जून २०२३. तेच शहर आणि तेच १९३६ चं ऑलिम्पिक स्टेडियम. स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक स्पर्धेचं उद्घाटन तिथे झालं. सुमारे सात हजार खेळाडू. अथेन्समध्ये पेटवलेली ज्योत जर्मनीतून नेण्यासाठी धावत होते ते पोलीस, खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून. एका पिढीच्या पोलिसांकडे बळजबरीचा हुकूम होता, नातवंडांच्या पिढीकडे मशाल. भारताच्या चमूने तिथून २०२ पदकं आणली: ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. आपल्या पेपरांनी ही बातमी दिली खरी, पण क्रिकेटच्या पानावर उरलेल्या जागेत.

आता कुणी म्हणेल, मशाल घेऊन धावलं की पोलीस बदलतो का? बदलतोच असं नाही. मेरीलँड राज्यात, म्हणजे मशाल दौड ज्या देशात जन्मली तिथेच, जानेवारी २०१३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेला सव्वीस वर्षांचा एक तरुण सिनेमा संपल्यावर पुन्हा जागेवर जाऊन बसला. दुसरं तिकीट नव्हतं. तिथे पहारा देणाऱ्या तीन पोलिसांनी त्याला ओढून बाहेर काढायला सुरुवात केली आणि त्या झटापटीत तो मेला. कारण काय, तर सिनेमाचं एक तिकीट. त्याच्याबरोबर आलेली मदतनीस बाई 'थांबा, त्याला वेळ द्या' अशा अर्थाचं सांगत होती. त्या तरुणाला पोलिसांचं मोठं वेड होतं, हे नंतर सगळ्यांना कळलं. तीस वर्षांची मशाल दौड त्या तिघांपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून मी समारंभाबद्दल फारसा उत्साही नाही. झेंडी दाखवून साहेब निघून जातात, केळी वाटली जातात, मुलं उन्हात बसून राहतात, हे प्रकार आपण पुष्कळ पाहिले आहेत.

मग करावं काय? अमरावतीला पोलिसांचं जोग स्टेडियम आहे, वडाळीला राज्य राखीव दलाचा गट नऊ आहे. अकोल्याला गडंकीचं पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे दरवर्षी खेड्यापाड्यातली पोरं-पोरी खाकी घालायला शिकतात. जागा, पाणी, शिट्टी, शिस्त, सगळं तयार आहे. महिन्यातून एक सकाळ जवळच्या विशेष शाळेची मुलं तिथे यावीत. खाकीत नुकत्याच आलेल्या शिपायांनी त्यांच्याबरोबर धावावं, वेळ मोजावी, गोळा उचलून द्यावा. एका प्रशिक्षकामागे चारच खेळाडू, हे स्पेशल ऑलिम्पिकचं प्रमाण आहे. शाळांकडे एवढी माणसं नसतात, पोलिसांकडे असतात.

यात व्यायामशाळेच्या मंडळींनी जपण्याच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या सांगून टाकतो. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. आपल्या भागात मल्लखांबाची हौस मोठी, आणि मूल लवचिक दिसलं की लगेच कोलांटी घालायला लावायची सवय त्याहून मोठी. असं करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. चालण्यात अडखळ, हातापायात अशक्तपणा, मान वाकडी धरणं असं काही दिसलं तर कोलांटी, शीर्षासन, डोक्यावर पडण्याची भीती असलेले सगळे प्रकार बंद. दुसरं, पुष्कळ मुलांना फिट येतात, त्यांच्या गोळ्या चालू असतात आणि त्यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या अकोल्यात याचा अर्थ तुम्हाला कळतो. सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे. आणि शर्यत सुरू करायला बंदुकीचा बार नको. आवाजाने काही मुलं कान दाबून खाली बसतात, मग दिवसभर उठत नाहीत. हात खाली करा, झेंडी हलवा, चालेल.

पोलिसांना वेळ कुठे आहे, ही तक्रार खरी आहे. सण, सभा, निवडणूक, मोर्चा, सगळा बंदोबस्त त्यांच्याच डोक्यावर. पण २ जानेवारीच्या स्थापना दिनापासून आठवडाभर 'रेझिंग डे सप्ताह' होतो. त्यात शाळेची मुलं ठाण्यात बोलावून बंदुका, बेड्या आणि वायरलेस दाखवतात. त्या आठवड्यात विशेष शाळाही बोलवाव्यात, आणि बंदुका दाखवण्याऐवजी मैदानावर न्यावं. डिसेंबरात जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास समाजकल्याण विभागाच्या जिल्हास्तरीय दिव्यांग क्रीडा स्पर्धा होतात. तिथे बंदोबस्ताला म्हणून पोलीस असतातच. त्यांना फाटकाजवळ उभं न करता धावपट्टीच्या शेवटी उभं करा.

राहिला पैसा. प्रवासाची गाडी, बूट, डॉक्टर, बरोबरच्या शिक्षकाचा भत्ता, राज्यस्तरावर निवड झाली तर पुण्या-मुंबईचा खर्च. हा पैसा पोलिसांनी मागायचा नाही, हे मी म्हणालो. मग आणायचा कुठून? तो आहे. जिल्हा परिषद, महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, प्रत्येकीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा शासनाचा आदेशच आहे. अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी या विषयावर किती आंदोलनं केली, ती या जिल्ह्याला पाठ आहेत. राज्यात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये खेळाची सोय करणं ही शासनाची जबाबदारी सांगितली आहे. एवढं असताना शिपायाने डबा फिरवावा, हे मला पटत नाही. शाळा आणि पालक यांनी मिळून आपल्या नगरपरिषदेकडे त्या पाच टक्क्यांचा हिशेब मागावा आणि क्रीडा खर्चाचा प्रस्ताव टाकावा. अंदाजपत्रकं मार्चच्या आत मंजूर होतात, म्हणजे अर्ज जानेवारीतच गेला पाहिजे. त्यावर सही शाळेची आणि पालकांची असावी, ठाणेदाराची नको.

माझं बोलून झालं. आता प्रश्न घेतो. मागच्या रांगांत साध्या कपड्यांत कुणी पोलीस बसले असतील, तर त्यांनी आधी विचारावं.